काढणीआधीच ठरवा: तुमच्या मालाला उंच कंटेनर हवा की साधा?

काढणी जवळ आली की शेतकऱ्याचे सगळे लक्ष मजूर, पेट्या आणि भाव यांतच अडकते. कंटेनरचा विषय निघतो अगदी शेवटी, आणि तोवर एजंटकडे जो डबा शिल्लक असेल तोच पदरात पडतो. ज्यांचा माल यंदा समुद्रमार्गे जाणार आहे, त्यांनी एकट्याने माल पाठवायचा असो की गटातून, कंटेनरची उंची पेट्यांची ऑर्डर देण्याआधी ठरवावी. पेटी किती उंच, एका पॅलेटवर (पेट्या रचायच्या लाकडी चौकटीवर) किती थर आणि कंटेनरचे दार किती उंच, ही तिन्ही मापे एकमेकांत गुंतलेली असतात. पेट्या छापून आल्या की मग फारसे काही बदलता येत नाही.

नेहमीचा ४० फुटी कंटेनर बाहेरून साडेआठ फूट उंच असतो. उंच कंटेनर, ज्याला सगळे हाय क्यूब किंवा नुसते ‘एचसी’ म्हणतात, तो साडेनऊ फूट असतो. लांबी-रुंदी तीच, फरक फक्त एका फुटाचा. आतली उंची साध्या डब्यात साधारण २.३९ मीटर, तर उंच डब्यात सुमारे २.७० मीटर भरते. आतली जागा ६७ घनमीटरवरून ७६ घनमीटरवर जाते, म्हणजे जवळजवळ १३ टक्के जास्त. बऱ्याच मार्गांवर दोन्हींचे सागरी भाडे सारखेच असते किंवा फरक थोडा असतो. म्हणूनच ‘मोठाच घ्या की’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पण तो प्रत्येक मालाला लागू पडत नाही.

कंटेनर दोन प्रकारे भरतो: जागेने किंवा वजनाने. हलका माल छताला टेकतो तरी वजनाची मर्यादा दूरच राहते. जड माल अर्ध्या उंचीवरच वजनाची मर्यादा गाठतो आणि वरची जागा रिकामीच प्रवास करते. तुमचा माल कोणत्या बाजूचा, हे घरबसल्या कळते. भरलेली एक पेटी किंवा पोते वजन करा. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा. किलोच्या आकड्याला त्या घनमीटरने भागा.

समजा सुकवलेल्या पानांची पेटी ४० बाय ३० बाय २४ सेंटिमीटर आहे आणि वजन ५ किलो. तिचे घनफळ ०.०२८८ घनमीटर, म्हणजे दर घनमीटरला १७४ किलोच्या आसपास. हा माल उंच डब्याचाच. याउलट धान्याचे ५० किलोचे पोते साधारण ०.०७ घनमीटर जागा घेते, म्हणजे घनमीटरला ७०० किलोच्या वर. हे धान्य ४० फुटी उंच डब्यात छतापर्यंत भरायचे म्हटले तर वजन ५० टनांच्या घरात जाईल, आणि तेवढे वजन ना डबा पेलतो ना रस्ता. त्याला २० फुटी कंटेनरच बरा. माझा ढोबळ हिशेब असा: आकडा ३५० च्या खाली असेल तर बिनधास्त उंच डबा घ्या. ४५० च्या वर असेल तर त्या जादा फुटाचा उपयोग नाही. मधल्या मालासाठी थरांचा हिशेब कागदावर मांडूनच ठरवा, आणि तो मांडताना तुमच्या रस्त्यावर किती टन वजनाला परवानगी आहे ते वाहतूकदाराला आधी विचारा. कंटेनरच्या दारावर लिहिलेली मर्यादा आणि रस्त्याची मर्यादा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक ठिकाणी रस्त्याचीच आधी आड येते.

उंच डब्याचा खरा फायदा कसा होतो, ते केळीच्या पेट्यांवरून नीट दिसते. १०० बाय १२० सेंटिमीटरच्या पॅलेटवर एका थरात केळीच्या ६ पेट्या बसतात. ८ थर लावले तर ४८ पेट्या, ९ थर लावले तर ५४. ४० फुटी उंच रीफरमध्ये (माल थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या कंटेनरमध्ये) असे २० पॅलेट जातात, म्हणजे ९६० च्या जागी १,०८० पेट्या. फक्त एका थराने एका फेरीत १२० पेट्या वाढतात.

पण त्या नवव्या थराचा भार सर्वांत खालची पेटी सोसते. भरलेली पेटी १९-२० किलोची धरली तर तिच्या डोक्यावर ८ पेट्या, म्हणजे दीडशे किलोहून जास्त वजन. तेही तासाभरासाठी नव्हे, तर जहाजाच्या हेलकाव्यांत कित्येक दिवस. शिवाय पुठ्ठा ओल धरतो. शीतगृहात किंवा पावसाळी हवेत आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहिली तर कोरड्या पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून पेटीवाल्याला ‘दाब किती सोसते?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘ओलसर थंडीत, इतक्या थरांखाली, इतके दिवस किती सोसते?’ असे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. उत्तर समाधानकारक नसेल तर एक थर कमी लावा. तळच्या थरातली चेपलेली फळे पलीकडच्या बाजारात नाकारली गेली, तर वरच्या थराची कमाई तिथेच संपते.

थप्पी लावण्याची पद्धतही इथेच ठरते. पेटीची बहुतेक ताकद तिच्या चार कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा येईल अशा सरळ रांगेत पेट्या रचल्या तर भार कोपऱ्यांतून खाली उतरतो. विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड केली की वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या मध्यावर येतो आणि पुठ्ठा तिथे वाकतो. सरळ थप्पी डळमळते ही तक्रार खरी आहे. त्यासाठी चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या उभ्या कोनपट्ट्या लावा, आडव्या पट्ट्या आवळा आणि फक्त सर्वांत वरचा थर सांधेमोड करा. पेटी पॅलेटच्या कडेबाहेर दोन बोटेही जाऊ देऊ नका, कारण कोपरा अधांतरी राहिला की त्याची ताकद गेलीच.

आता दार. उंच डब्याची आतली उंची २.७० मीटर असली तरी दाराची उंची २.५८ मीटरच असते. साध्या डब्याची सुमारे २.२८. फॉर्कलिफ्टने पॅलेट उचलून आत न्यायला वर दहा-बारा सेंटिमीटर मोकळे लागतात. म्हणून लाकडी पॅलेट धरून एकूण उंची उंच डब्यासाठी २.४५ मीटरच्या आत ठेवा. त्याहून उंच रचलेला पॅलेट दारातच अडतो आणि मग उन्हात उभे राहून वरचा थर उतरवावा लागतो.

ताजी फळे-भाजी पाठवणाऱ्यांपुढे निवडीचा प्रश्न फारसा उरलेला नाही, कारण ४० फुटी रीफर आता बहुतेक उंचच येतात. तिथे सांभाळायची गोष्ट वेगळी आहे. रीफरच्या भिंतीवर आतल्या बाजूने एक लाल रेघ असते. थंड हवा तळाच्या खाचांतून येते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालच्या मोकळ्या जागेतून परत यंत्राकडे जाते. लाल रेघेच्या वर एक जरी थर चढवला तरी हवेची परतीची वाट अडते, आणि दाराजवळच्या पेट्या तापतात. जागा दिसते म्हणून ती भरायची नसते. खालीही तितकेच लक्ष द्या. जमिनीवर मोकळी जागा राहिली तर हवा तिथूनच सरळ वर निघून जाते आणि पेट्यांत शिरतच नाही. पॅलेट संपल्यावर दारापाशी उरलेली जमीन पुठ्ठ्याने झाका. पेटीच्या तळाची आणि झाकणाची छिद्रे एकावर एक येतात की नाही, हेही नमुन्याच्या दोन पेट्या एकमेकींवर ठेवून पाहून घ्या.

रीफर माल थंड ठेवतो, गरम माल थंड करणे हे त्याचे काम नाही. त्यामुळे पूर्वशीतकरण आधीच झालेले हवे. जादा १२० पेट्या घेणार असाल, तर तेवढ्या पेट्या वेळेत थंड करण्याची तुमच्या शीतखोलीची कुवत आहे का, ते काढणीच्या वेळापत्रकात बसवून पाहा. माल भरताना दारे उघडी असतील तोवर यंत्र बंद ठेवा. चालू ठेवले तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाऊन कॉइलवर बर्फ धरतो.

कोरडा माल साध्या, न थंड होणाऱ्या डब्यात जातो, आणि तिथे ओल हाच मोठा शत्रू. दिवसा डबा तापला की मालातली ओल हवेत येते, रात्री छत गार पडले की तीच थेंब होऊन पोत्यांवर टपकते. पावसाळ्यात भरलेला माल थंड प्रदेशाकडे निघाला असेल तर हा धोका सर्वाधिक. ही ओल मुख्यत्वे मालातून आणि ओल्या लाकडी पॅलेटमधून येते, म्हणून उपाय शेतावरच सुरू होतो: माल पुरता वाळवा, ओलावामापकाने तपासा, पॅलेट कोरडे घ्या. पावसात भरणी करू नका. थप्पीच्या वर जाड कागद अंथरा आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या बाजूच्या भिंतींना टांगा. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का लागतो. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे मिळालेले असावे, असा तो आंतरराष्ट्रीय नियम आहे.

धुरीकरणाबद्दल, म्हणजे औषधी गॅसने मालातली कीड मारण्याबद्दल, एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. औषधाची मात्रा घनमीटरवर ठरते. ६७ घनमीटरचा हिशेब तसाच ७६ घनमीटरच्या डब्याला लावला तर मात्रा कमी पडते आणि कीड जिवंत राहते. धुरीकरण करणाऱ्याला कंटेनर उंच आहे हे स्पष्ट सांगा आणि प्रमाणपत्रावर घनफळ तपासून घ्या. हे काम परवानाधारकाचेच आहे. दारावर धोक्याची सूचना असलेला डबा हवा खेळवून गॅस मोजल्याशिवाय कोणीही उघडू नये.

उंच डबा तुमच्या शेडपर्यंत पोचतो का, हे आत्ताच पाहा. कंटेनर २.९० मीटर, त्याखाली ट्रेलरचा तळ १.२ ते १.५ मीटर, म्हणजे जमिनीपासून ४.१ ते ४.४ मीटर उंची. वाटेतली कमान, रेल्वेपूल, झाडाच्या फांद्या, शेडचे छत ही सगळी मापे घ्या. वीजतारा कधीही काठीने किंवा बांबूने वर उचलू नका, तसे करताना माणसे दगावतात. तार खाली लोंबत असेल तर वीज पुरवणाऱ्यांना कळवा, आणि तोवर माल लहान गाडीने मोकळ्या जागी नेऊन तिथे भरा. शेतरस्ता ओला असेल तर भरलेला ट्रेलर रुततो, हेही गृहीत धरा. हाताने भरणी असेल तर वरच्या थरांसाठी पक्के फळीचे मचाण लागेल. हमालांना पेट्यांवर चढू देऊ नका, त्यात पेटीही जाते आणि माणूसही पडतो.

बुकिंगमध्ये ‘४० फुटी’ एवढेच लिहू नका, ‘४० एचसी’ असे स्पष्ट लिहा. हंगामाच्या गर्दीत उंच डब्यांचा तुटवडा पडला की साधा डबा येऊन उभा राहतो, आणि ९ थरांचे पॅलेट मग बाहेरच राहतात. गाडी आत घेण्याआधी दारावरचा चार अक्षरांचा संकेत वाचा. साध्या ४० फुटीवर ४२जी१ असते, उंच डब्यावर ४५जी१, उंच रीफरवर ४५आर१. पहिला ४ म्हणजे ४० फूट लांबी, दुसरा आकडा उंचीचा: २ असेल तर साडेआठ फूट, ५ असेल तर साडेनऊ. उंच डब्याच्या वरच्या कडांवर काळे-पिवळे पट्टेही असतात.

मग आत जाऊन दारे बाहेरून ओढून घ्यायला सांगा, बाहेर एक माणूस उभा ठेवून. अंधारात छताकडे आणि कोपऱ्यांकडे पाहा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. रसायनाचा, मासळीचा किंवा डिझेलचा वास आला तर डबा परत पाठवा, कारण शेतमाल वास पटकन धरतो. जमिनीच्या फळ्या कोरड्या आहेत का, ते हात लावून पाहा.

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यात माल, पेट्या, पॅलेट, पट्ट्या आणि रिकाम्या डब्याचे वजन धरतात. उंच डबा साध्याहून थोडा जड असतो, त्यामुळे रिकाम्या डब्याचे वजन जुन्या कागदावरून न घेता त्याच्या दारावर लिहिलेलेच घ्या. माल दोन्ही बाजूंना सारखा पसरा. एका अर्ध्या लांबीत एकूण वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त भार येऊ देऊ नका, नाहीतर डबा उचलताना कलतो. दारापाशी शेवटच्या रांगेला जाळी किंवा पट्टा बांधा, म्हणजे पलीकडे दार उघडणाऱ्याच्या अंगावर पेट्या येणार नाहीत. सील लावल्यावर त्याचा आणि कंटेनरचा नंबर दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढून एजंटला लगेच पाठवा.