बार-बॅकची नोकरी: बर्फ, जिगर आणि शेवळं

बाटल्या हवेत उडवायला मिळतील म्हणून बारमध्ये येत असाल, तर जरा थांबा. परळच्या गल्लीतल्या एका छोट्या कॉकटेल बारमध्ये मी बार-बॅक, म्हणजे बारटेंडरचा मदतनीस म्हणून लागलो आणि चार महिने एकही ड्रिंक बनवलं नाही. लिंबं पिळली, ग्लास पुसले, बर्फ वाहिला. बर्फाला हलक्यात घेऊ नका. चुरा झालेला ओला बर्फ शेकरमध्ये गेला की ड्रिंक पाणचट, मग आत कितीही महागाची जिन असो. जिगरचंही, म्हणजे दारू मोजायच्या छोट्या मापाचंही तेच. 30 मिलीच्या मापात पाच मिली इकडेतिकडे झाले की आंबट-गोडाचं गणित फिस्कटलं. जांभळाच्या सरबतात तर रोज चाखूनच साखर घालायची, कालचं जांभूळ आणि आजचं जांभूळ सारखं नसतं.

वय विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी 25 पूर्ण लागतात. तिशीतल्यांकडे ओळखपत्र मागितलं तर ते उलट खूश होतात!

मुलाखतीत पगाराआधी विचारा: रात्री घरी सोडायला गाडी आहे का? आमच्याकडे नव्हती. शटर दीडला पडायचं, तोवर शेवटची लोकल गेलेली. मी कल्याणचा. पहाटेपर्यंत दादरला बसून काढायचो, आणि स्टेशनबाहेर रानभाज्यांच्या टोपल्या लागताना बघायचो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून शेफ मेन्यूत पावसाळी भाज्या आणत होता. त्याने शेवळं ही रानभाजी लोण्यात परतून सगळ्यांना चाखायला दिली. पाच मिनिटांत अख्खा स्टाफ घसा खाजवत पाणी पितोय! मी विचारलं, "शेफ, काकडं नाही घातली?" त्याला वाटलं, काकडी. काकडं म्हणजे शेवळांत घालायची आंबट रानफळं. आमची आजी शेवळाचा आतला पिवळा भाग काढून टाकते, हाताला तेल लावून चिरते, आणि काकडांचा रस किंवा चिंच घातल्याशिवाय भाजी करतच नाही.

दुसऱ्या दिवशी दादरहून शेवळं आणि काकडं मीच नेली. भाजी जमली. काकडांचा उरलेला रस शेफने बारवर पाठवला, "बघ काही होतंय का." जिन 60 मिली, रस 20, साखरेचा पाक 20. तुरट लागलं. पाक 25 केला.