आंब्याच्या सीझनआधी टेस्टच्या डेटाबेसची तयारी

शिमगा आटोपून पालखी देवळात परत गेली की आंब्याच्या पेट्यांच्या बुकिंगसाठी काकांचा फोन वाजायला लागतो, तो पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. फोन सुरू व्हायच्या आत टेस्टच्या डेटाबेसची ही यादी हातावेगळी करायची. गेल्या सीझनला मी ती नुसती डोक्यात ठेवली होती. बुकिंगच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) हिरव्या, म्हणजे पास, आणि फोनवरून घेतलेल्या 19 पेट्यांच्या नोंदी टेबलात नाहीतच. काकांच्या वहीत होत्या म्हणून गिऱ्हाइकं टिकली. वहीला कमिट लागत नाही, हे त्यांनी नंतर तीनदा ऐकवलं. कमिट म्हणजे लिहिलेलं डेटाबेसमध्ये पक्कं करणं. हा शब्द त्यांना मीच शिकवला होता.

टेस्टसाठी वेगळा डेटाबेस, हे सांगावं लागत असेल तर आधी तेवढंच करून या. त्याच्या नावात टेस्ट हा शब्द हवा, आणि काहीही पुसण्याआधी कोडने ते नाव स्वतः तपासायला हवं. पासवर्ड कोडात नको. झालं.

डेटाबेसचं इंजिन तेच घ्यायचं जे खऱ्या सर्व्हरवर आहे. तिकडे पोस्टग्रेस आणि इकडे हलकं म्हणून एसक्यूलाइट, हा मोह आवरा. एसक्यूलाइटला फॉरेन की (एका टेबलातल्या नोंदीची जोडी दुसऱ्या टेबलात खरंच आहे का, ही तपासणी) मुद्दाम चालू करून द्यावी लागते, नाहीतर नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावावरही ते पेटी खपवून घेतं. डझनांच्या आकड्याच्या रकान्यात ‘पाच डझन’ असं अक्षरात लिहिलं तरी ते गप्प बसतं, पोस्टग्रेस लगेच ओरडतं. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) पोस्टग्रेस उभं करायला काही सेकंद लागतात, कंटाळा करू नका. टेबलंही मायग्रेशन (टेबलांची रचना बनवणाऱ्या-बदलणाऱ्या स्क्रिप्ट) चालवूनच बनवा, म्हणजे मायग्रेशनचीही परीक्षा होते.

आता ते, जे मी विसरलो. लिहिलेली नोंद वेगळ्या कनेक्शनने वाचायची. पुन्हा सांगतो, वेगळ्या कनेक्शनने.

झालं असं. प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्का किंवा एकत्रच रद्द होणारा कामांचा गठ्ठा) गुंडाळायची आणि शेवटी रोलबॅक करायचा, म्हणजे सगळं मागे घ्यायचं, ही सगळ्यांची आवडती युक्ती. वेगवान आहे, टेबलं आपोआप स्वच्छ राहतात. पण त्या ट्रान्झॅक्शनच्या आतून पाहिलं तर आपण लिहिलेलं आपल्याला दिसतंच, कमिट केलेलं असो वा नसो. फोन-बुकिंगच्या फंक्शनमध्ये कमिटची ओळच नव्हती. टेस्टने त्याच कनेक्शनवर सिलेक्ट मारला, म्हणजे वाचून पाहिलं, ओळ सापडली, हिरवा दिवा. खऱ्या सर्व्हरवर काम संपून कनेक्शन बंद झालं की नोंद हवेत. पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणारा नेहमीचा ड्रायव्हर पहिल्या क्वेरीलाच ट्रान्झॅक्शन उघडतो आणि कमिट न करता बंद केलं तर सगळं मागे घेतो. चूक त्याची नाही, माझी.

एक खूण मात्र समोर होती. बुकिंग नंबर मध्येमध्ये तुटलेले होते. सिक्वेन्सने (डेटाबेसच्या नंबर देणाऱ्या मोजणीने) दिलेला नंबर रोलबॅक झाला तरी परत येत नाही, म्हणून ती भोकं. मी म्हटलं, असेल काहीतरी.

तेव्हा लिहिणाऱ्या प्रत्येक वाटेची (वेबसाइट, फोन, पत्ता बदलणं, रद्द करणं) निदान एक टेस्ट अशी हवी, जी गुंडाळलेली नाही आणि जी दुसरं ताजं कनेक्शन उघडून साध्या एसक्यूएलने (डेटाबेसच्या भाषेत) ओळ तपासते. ओआरएमच्या (कोडातले ऑब्जेक्ट आणि टेबलं जोडणाऱ्या लायब्ररीच्या) त्याच सेशनला विचारू नका. त्याच्याकडे आधी भरलेला ऑब्जेक्ट असतो, बऱ्याचदा तोच पुढे करतो. वाटेल की एका वाटेची टेस्ट पुरे. पुरे नाही, माझी वेबसाइटची वाट ठणठणीत होती. शिवाय डिफर्ड कन्स्ट्रेंट (शेवटावर ढकललेले नियम) कमिटच्या क्षणी तपासले जातात. रोलबॅकवाल्या टेस्टमध्ये तो क्षण येतच नाही.

या टेस्टना रोलबॅक चालत नाही, म्हणजे टेबल रिकामं करणारं ट्रंकेट आलं. इथे एक फास आहे. ट्रंकेटला टेबलावर पूर्ण कुलूप लागतं. वाचायला उघडलेलं ते दुसरं कनेक्शन ट्रान्झॅक्शन अर्धवट ठेवून लटकत असेल, तर ट्रंकेट नुसतं वाट बघत बसतं आणि आपण चहा पीत स्क्रीनकडे. दुसरं कनेक्शन वाचून झालं की लगेच बंद करा, लॉकची मुदत पाच सेकंद ठेवा.

साफसफाई टेस्टच्या आधी करायची, नंतर नाही. आमच्याकडे एप्रिलच्या वळवाच्या सरीनेही लाइट जाते, इन्व्हर्टर म्हातारा आहे. टेस्ट मध्येच मेली तर ‘नंतर’ उजाडतच नाही, आणि पुढच्या वेळी जुनी पेटी पाहून नवी टेस्ट पडते.

वेळेचं बघा. डेटाबेस यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत) असेल तर 1 एप्रिलला पहाटे 5 वाजता घेतलेलं बुकिंग तिथे 31 मार्च रात्री 11:30 चं असतं. दिवसच नव्हे, आर्थिक वर्ष बदललं. बागायतदार पहाटेच उठतात, तेव्हा ही टेस्ट हवीच. आणि पोस्टग्रेसचं नाऊ() ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, म्हणून गुंडाळलेल्या टेस्टमध्ये दहा नोंदींची वेळ एकच येते. त्यावर क्रम तपासू नका.

नमुन्याचा डेटा मराठीत ठेवा. ‘रत्नागिरी’ डोळ्याला चार अक्षरं, डेटाबेसला नऊ, बाइट सत्तावीस. रकान्याची लांबी त्या हिशोबाने.

क्वेरीत ऑर्डर बाय (क्रम लावण्याची सूचना) नसेल तर क्रमावर विश्वास नाही. टेस्ट उलटसुलट क्रमाने एकदा चालवा. समांतर चालवत असाल तर प्रत्येकाला आपापला डेटाबेस. खऱ्या गिऱ्हाइकांचे नंबर टेस्टमध्ये नकोत.

आणि सगळं झाल्यावर फोन-बुकिंगच्या फंक्शनमधली कमिटची ओळ मुद्दाम काढा, टेस्ट चालवा. लाल झाली पाहिजे. नाही झाली तर अजून त्याच कनेक्शनने वाचताय. लाल झाली की ओळ परत टाका. टाकलीत ना? बघा एकदा. काकांचा फोन येतोय.