न्यू जर्सीत वैद्यकीय गांजाचे कार्ड: खर्च कुठे होतो आणि तो कमी कसा करावा

पाठीच्या जुनाट दुखण्याने बेजार झालेली, केमोथेरपीनंतर अन्नावरची वासना उडालेली किंवा मायग्रेनमुळे महिन्यातले चार दिवस अंधाऱ्या खोलीत काढणारी माणसे इथल्या मराठी घरांतही आहेत. मात्र गांजा हा शब्द निघाला की बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो, आणि मग माहिती मिळते ती जाहिरातींतूनच. या जाहिराती ‘दहा मिनिटांत कार्ड’ देण्याचे आश्वासन देऊन दीड-दोनशे डॉलर घेतात. वस्तुस्थिती अशी, की न्यू जर्सी सरकार या कार्डासाठी आज जवळजवळ काहीच घेत नाही. २०१८ पूर्वी दोन वर्षांच्या नोंदणीला २०० डॉलर पडत, त्या वर्षी ते १०० झाले, आणि आता डिजिटल कार्ड विनामूल्य मिळते. छापील कार्ड हवे असल्यास तेवढे १० डॉलर द्यावे लागतात. खरा खर्च डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा आहे, आणि काटकसरीला वाव आहे तो तिथेच.

अर्जाला हात घालण्यापूर्वी मात्र एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे: रुग्ण अमेरिकेचा नागरिक आहे का? राज्याचा कायदा काहीही म्हणत असला, तरी फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय, कायद्यानुसार गांजा हा नियंत्रित पदार्थ आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड व नागरिकत्व हे सारे फेडरल कायद्याच्या कक्षेत येते. एप्रिल २०१९ मध्ये स्थलांतर खात्याने आपल्या धोरणात स्पष्टच नमूद केले, की राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा वापरही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या वर्तना’च्या आड येऊ शकतो. गुन्हा सिद्ध झालेला नसताना, अधिकाऱ्यासमोर दिलेली नुसती कबुलीही महागात पडू शकते. त्यामुळे एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या व्यक्तीने आधी स्थलांतराच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. त्या सल्ल्याची फी वाचवणे ही काटकसर नव्हे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचा तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण कार्डासाठी राज्याचे रहिवासी असावे लागते, आणि पाहुण्यांच्या व्हिसावर हा धोका पत्करण्याजोगा नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा आहे. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरील कोणालाही परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेता येतो, मग कार्ड हवे कशाला? एक कारण म्हणजे विक्रीकर. साध्या ग्राहकाला ६.६२५ टक्के विक्रीकर पडतो, तर वैद्यकीय रुग्णाला १ जुलै २०२२ पासून तो पूर्णपणे माफ आहे. इथे थोडे गणित मांडून पाहावे. महिन्याला १०० डॉलरची खरेदी करणाऱ्याचा वर्षाला सुमारे ७९ डॉलर ५० सेंट कर वाचतो. त्याने प्रमाणपत्रासाठी वर्षाला १५० डॉलर मोजले असतील, तर केवळ करापुरता विचार केल्यास तो तोट्यात आहे. दीडशे डॉलर करातून भरून निघायला महिन्याची खरेदी १९० डॉलरच्या आसपास असावी लागते. अर्थात पारड्यात इतरही गोष्टी टाकायला हव्यात. रुग्णाला ३० दिवसांत ३ औंसांपर्यंत माल मिळू शकतो, अनेक दुकाने कार्डधारकांना, ज्येष्ठांना आणि निवृत्त सैनिकांना वेगळी सवलत देतात, आणि वैद्यकीय ग्राहकाला रांगेत प्राधान्य मिळते. रुग्ण २१ वर्षांखालील असेल, तर कार्डाशिवाय कायदेशीर मार्गच नाही. पण ज्याला महिन्यातून एकदा झोपेसाठी गांजाच्या चार गोळ्या लागतात, त्याने कार्डाच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ड घ्यायचेच ठरले, तर पुढची पायरी डॉक्टरांची. राज्याच्या यादीत जुनाट वेदना, अँग्झायटी, मायग्रेन, मासिक पाळीच्या तीव्र वेदना, कर्करोग, काचबिंदू, अपस्मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, क्रोन्ससारखे आतड्यांचे दाहक आजार, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास), एचआयव्ही, ओपिऑइडचे (अफूवर्गीय वेदनाशामकांचे) व्यसन असे अनेक आजार आहेत. यापैकी एखादा असल्याचे राज्याच्या कार्यक्रमात नोंदणी केलेल्या डॉक्टरने प्रमाणित करावे लागते. २०१९ च्या कायद्यानंतर फिजिशियन असिस्टंट आणि वरिष्ठ पात्रतेच्या नर्सनाही हा अधिकार मिळाला आहे. हे प्रमाणपत्र म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. फेडरल कायद्यामुळे डॉक्टर गांजा ‘लिहून’ देऊ शकत नाहीत, फक्त शिफारस करू शकतात, आणि विमा कंपनी हात वर करते त्याचे मूळही यातच आहे.

सर्वांत स्वस्त मार्ग बहुतेक लोक तपासतच नाहीत, तो म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारणे. ज्यांच्याकडे तुमचे एमआरआय, रक्ताचे अहवाल आणि दहा वर्षांची औषधांची यादी आधीच आहे, ते ऑन्कॉलॉजिस्ट, न्यूरॉलॉजिस्ट किंवा वेदनातज्ज्ञ या कार्यक्रमात नोंदलेले असतील, तर मूळ आजाराच्या नियमित तपासणीतच हा विषय काढता येतो, आणि ती तपासणी नेहमीप्रमाणे विम्यात बसू शकते. केवळ प्रमाणपत्रे देणाऱ्या दवाखान्यात मात्र सगळा खर्च खिशातून होतो. विचारताना संकोचाचे कारण नाही. नोंदणीकृत डॉक्टरांची यादी राज्याच्या कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशनच्या संकेतस्थळावर गावानुसार पाहता येते, तेव्हा आपले डॉक्टर तिच्यात आहेत का, हे भेटीआधीच कळते.

ते यादीत नसतील, तर यादीतल्या तीन-चार दवाखान्यांना फोन करावा आणि पहिल्या भेटीची फी एवढेच विचारून फोन ठेवू नये. डॉक्टर एका वेळी किती महिन्यांचे प्रमाणपत्र देतात, हा खरा प्रश्न आहे. कायद्याने ते एक वर्षापर्यंत देता येते, पण काही ठिकाणी दर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. समजा, एका दवाखान्याची पहिली फी १२५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक भेटीची ६० डॉलर आहे, तर दर तीन महिन्यांच्या हिशेबाने वर्षाचे ३०५ डॉलर होतात. दुसरा दवाखाना एकदाच १७५ डॉलर घेऊन वर्षाचे प्रमाणपत्र देत असेल, तर फोनवर महाग वाटलेला तोच स्वस्त पडतो. प्रमाणपत्र नाकारल्यास फी परत मिळते का, व्हिडिओवर तपासणी होते का, मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा) असलेल्यांसाठी किंवा ज्येष्ठ नागरिकांसाठी फी कमी आहे का, आणि पुढच्या वर्षाचे पैसे क्रेडिट कार्डातून आपोआप कापले जातात का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. भेटीला जाताना जुने अहवाल आणि चालू औषधांची पूर्ण यादी सोबत न्यावी; रक्त पातळ करणारी औषधे, झोपेच्या गोळ्या आणि भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधे तिच्यातून वगळू नयेत, कारण काही औषधांशी गांजातील घटकांची आंतरक्रिया होते.

डॉक्टर रुग्णाचे नाव राज्याच्या नोंदवहीत चढवतात आणि एक संदर्भ क्रमांक देतात. तो घेऊन रुग्णाने कमिशनच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरायचा असतो. सोबत अलीकडचा फोटो, सरकारी ओळखपत्र आणि राज्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो. अर्ज अवघड नाही, पण मराठी नावांची एक खास अडचण आहे. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर स्वतःचे नाव, यजमानांचे नाव आणि आडनाव अशी आपल्या पद्धतीची तिहेरी साखळी होती. दवाखान्यातल्या मुलीने संगणकात मधले नाव गाळले आणि आडनावातले एक अक्षरही कमी केले. अर्ज परत आला. दुरुस्तीसाठी दवाखान्याला फोन केले, तर प्रत्येक वेळी ‘डॉक्टर सोमवारी भेटतील’ हेच उत्तर, आणि तीन आठवडे असेच गेले. म्हणून डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी ओळखपत्र काउंटरवर ठेवून नाव, जन्मतारीख आणि पत्ता पडद्यावर अक्षर-अक्षर ताडून पाहावा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ०४-०७ ही जन्मतारीख एप्रिलमधली की जुलैमधली, यातही घोळ होतो. मुलाकडे राहणाऱ्या ज्येष्ठांच्या नावावर विजेचे बिल नसते. त्यांनी मोटार वाहन विभागाकडून वाहन न चालवणाऱ्यांसाठीचे ओळखपत्र आधी काढून घेतलेले बरे.

फसवणुकीबद्दल एवढेच लक्षात ठेवावे, की कार्ड फक्त राज्य सरकार देते. डॉक्टर कार्ड देत नाहीत, दुकान देत नाही, आणि कोणतीही खासगी कंपनी तर नाहीच. ‘मंजुरीची हमी’ देणारा, तपासणीच्या आधीच ‘सरकारी शुल्क’ म्हणून पन्नास-शंभर डॉलर मागणारा किंवा साऱ्या अमेरिकेत चालणारे कार्ड विकणारा माणूस भेटला, की तिथून निघावे.

कार्ड हातात आल्यावर खर्च संपत नाही, कारण माल स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा), मेडिकेड आणि खासगी विमा त्याचे पैसे देत नाहीत. आरोग्य बचत खात्यातले करमुक्त पैसेही यासाठी वापरता येत नाहीत, कारण अमेरिकेचा आयकर विभाग फेडरल कायद्याविरुद्धचा खर्च वैद्यकीय खर्चात धरत नाही. एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक आहे: कामावर झालेल्या दुखापतीतून दुखणे उद्भवले असेल, तर वैद्यकीय गांजाचा खर्च मालकाकडून भरून घेता येतो, असा निकाल न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. गोदामात पाठ मोडून घेतलेल्या माणसाने हे आपल्या नुकसानभरपाईच्या वकिलाला जरूर विचारावे. दुकानात सहसा क्रेडिट कार्ड चालत नाही. घरूनच रोख रक्कम नेली, तर तिथल्या एटीएमचे शुल्क वाचते. घरी रोप लावून पैसे वाचवण्याची कल्पना मात्र मनातून काढून टाकावी, न्यू जर्सीत कार्डधारकालाही ती मुभा नाही. रुग्णाला स्वतः जाणे जमत नसेल, तर मुलगा, सून किंवा अन्य कोणाची काळजीवाहक म्हणून रीतसर नोंद करावी. नोंद नसलेल्या नातेवाइकाला दुसऱ्याचे कार्ड दाखवून माल घेता येत नाही.

डेलावेअर नदीपलीकडे राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. पेनसिल्व्हेनियात कार्डाचे शुल्क ५० डॉलर असून ते दरवर्षी द्यावे लागते, पण मेडिकेड, स्नॅप (अन्नसाहाय्य) किंवा विक (माता-बालक पोषण) यांसारख्या योजनांच्या लाभार्थ्यांना ते माफ होते. अर्जात तसे नमूद करायला बरेच जण विसरतात. इतर राज्यांतही दर वेगळे आहेत: ओक्लाहोमात दोन वर्षांचे १०० डॉलर, तर मेडिकेअर वा मेडिकेड असलेल्यांना आणि शंभर टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांना २० डॉलर. कॅलिफोर्नियात कार्ड काउंटी देते, तिथे शुल्काची मर्यादा १०० डॉलर आहे आणि मेडि-कॅलच्या, म्हणजे तिथल्या मेडिकेडच्या, लाभार्थ्यांना त्यात निम्मी सूट मिळते.

कार्ड असले, तरी माल घेऊन राज्याची हद्द ओलांडू नये. विमानतळावर तर मुळीच नाही. मुंबईला जाताना औषधांच्या डब्यात राहिलेली गांजाची एखादी गोळीही भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते, आणि तिथे न्यू जर्सीच्या कार्डाला काडीची किंमत नाही. सामान भरण्यापूर्वी डबा रिकामा करून तपासावा. नूतनीकरणाच्या तारखा दोन असतात, एक नोंदणीची आणि दुसरी डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची. त्या एकाच दिवशी येत नाहीत, आणि प्रमाणपत्र संपले की नोंदणी शिल्लक असूनही दुकानदार माल देत नाही. म्हणून दोन्ही तारखा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर एक महिना आधीच्या चौकोनात लिहून ठेवाव्यात, म्हणजे डॉक्टरांची वेळ घाईने आणि जास्त पैसे मोजून घ्यावी लागत नाही.