घरशाळा सुरू करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच दिवशी होते. मूल शाळेत जायचं थांबतं आणि कागदपत्रांचं 'नंतर बघू' होतं. पटावर नाव तसंच राहिलं की ते मूल गैरहजर धरलं जातं, घरी शिकणारं नव्हे. इंग्लंडमध्ये साधारणपणे मुख्याध्यापकांना लेखी कळवलं की नाव कमी करतात. फ्रान्समध्ये २०२२पासून आधी परवानगी घ्यावी लागते. जर्मनीत तर दार जवळजवळ बंदच. अमेरिकेत सर्व ५० राज्यांत मुभा आहे, पण प्रत्येकाचे नियम निराळे. तेव्हा परदेशातल्या मैत्रिणीचा सल्ला ऐका जरूर, अर्ज मात्र आपल्या इथले नियम वाचूनच भरा.

दुसरी चूक हौसेपोटी होते: घरात शाळाच थाटायची. नऊ ते दोन वेळापत्रक, पस्तीस मिनिटांचे तास, मोबाइलवर घंटासुद्धा! तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई ओरडतेय आणि मूल पलंगाखाली. अहो, वर्गात चाळीस जणांत वाटला जाणारा वेळ इथे एकट्याला मिळतो. आठ वर्षांच्या मुलाला दोन तास नेटका अभ्यास पुष्कळ झाला. शाळा कायमची सोडल्यावर काही आठवडे मूल कशालाच हात लावत नसेल, तर वह्या पुढे सरकवू नका. गोष्टी वाचून दाखवा, पसारा होऊ द्या.

नोंदी मात्र रोजच्या रोज. 'गणित केलं' याला काही अर्थ नाही. 'खोलीचं क्षेत्रफळ काढलं. लांबी मीटरमध्ये, रुंदी सेंटिमीटरमध्ये घेतली म्हणून चुकलं, दुसऱ्यांदा जमलं', अशी तारीखवार ओळ लिहा. तपासणीला कुणी आलं तर उपयोगी पडतेच, पण खरा फायदा आपल्याला: कुठे अडतंय ते दिसतं.

परीक्षेचा विचार नववीच्या वयात सुरू करणं म्हणजे उशीरच. भारतात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी देता येते. त्यासाठी किमान १४ वर्षं वय लागतं. केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या परीक्षांना खासगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे शाळेत नाव नसताना, बसायचं तर आपल्याला घेणारं केंद्र आधी शोधावं लागतं, आणि सगळीच केंद्रं घेत नाहीत. विषय ठरवण्याआधी केंद्राला एकच प्रश्न विचारा: विज्ञानाची प्रात्यक्षिकं तुमच्याकडे होतील का? 'नाही' म्हणाले, तर प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपरचा पर्याय त्या विषयाला आहे का, ते तिथल्या तिथेच विचारून घ्या.