लिनक्स मशीनच्या लॉगमध्ये १९७० साल दिसतंय? म्हणजे सुरू होताना मशीनला खरी वेळ माहीत नव्हती.

मशीनमध्ये बॅटरीवर चालणारं, मशीन बंद असतानाही वेळ जपणारं आरटीसी घड्याळ असेल, तर त्याचा ड्रायव्हर मॉड्यूल (वेगळा लोड होणारा भाग) न ठेवता कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, बिल्ट-इन करा आणि ‘आरटीसी एचसीटूसिस’ हा आरटीसीवरून सिस्टमची वेळ लावणारा पर्याय चालू ठेवा. मग सर्व्हिसेस सुरू व्हायच्या आतच सिस्टमची वेळ लावली जाते. आरटीसीत यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच ठेवा, नाहीतर टाइमझोनचा घोळ निस्तरत बसाल.

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर आरटीसीच नाही. तिथे फेक-एचडब्ल्यूक्लॉक हे सॉफ्टवेअर शेवटची जपलेली वेळ लावतं. ती अचूक नसते, पण निदान १९७० तरी टळतं. खरी वेळ एनटीपीकडूनच, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेकडूनच येणार. म्हणून ज्या सर्व्हिसच्या नोंदी महत्त्वाच्या, तिच्या युनिटमध्ये (सर्व्हिस कधी, कशी सुरू व्हावी हे सांगणाऱ्या सिस्टमडीच्या फाइलमध्ये) ‘आफ्टर’पुढे टाइम-सिंक टार्गेट लिहा आणि वेळ जुळेपर्यंत थांबवणारी सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक सर्व्हिस एनेबल करा. मात्र नेटवर्क मिळालंच नाही, तर तुमची ती महत्त्वाची सर्व्हिस अडकून राहते.