चित्रं थोडी खाली टांगा

मी व्हीलचेअरवर बसून चित्रं काढते. प्रदर्शन भरवताना आधी टेप हातात घेते. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर येतो. मी तो १२० वर आणते. उभ्या माणसाला वाकून पाहावं लागतं, आणि तिथूनच बोलणं सुरू होतं. दाराशी १५ सेंमीची पायरी असेल तर रॅम्प किमान १८० सेंमी लांब हवा.

एका तरी चित्राची हाताने चाचपता येईल अशी प्रत करा: दोरा, वाळू, जाड रंग. ती अंध व्यक्तीकडून आधी तपासून घ्या. माझ्या पहिल्या प्रतीत आकाश आणि पाणी बोटांना सारखंच लागत होतं!

फलकावर माध्यम, विषय आणि किंमत लिहा. तुम्हीही अपंग चित्रकार असाल, तर अपंगत्वाबद्दल तुम्हाला हवं तेवढंच, तुमच्याच शब्दांत. ‘प्रेरणादायी’ हा शब्द मी खोडायला लावते.