व्यावसायिक इंग्रजीसाठी पतधोरणाची निवेदनं वाचा
अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी व्यावसायिक इंग्रजीसाठी शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा मध्यवर्ती बँकांची निवेदनं वाचावीत. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह, तिची व्याजदर ठरवणारी समिती वर्षाला ८ नियमित बैठका घेते आणि प्रत्येकीनंतर छोटंसं निवेदन काढते. ते संकेतस्थळावर फुकट मिळतं. लागोपाठची दोन निवेदनं शेजारी ठेवून बदललेले शब्द तेवढे अधोरेखित करा. बराचसा मजकूर तोच असतो, त्यामुळे 'मॉडरेट' जाऊन 'सॉलिड' आलं की लगेच नजरेत भरतं. का बदललं असेल, ते दोन-तीन वाक्यांत इंग्रजीतच लिहा. विषय ओळखीचा असल्यानं अर्थ लावणं जड जात नाही.

आकड्यांपाशी मात्र थांबा. व्याजदर ५ टक्क्यांवरून ६ वर गेला, तर ती 'वन पर्सेंटेज पॉइंट'ची वाढ. 'वन पर्सेंट' म्हणणं चूकच, कारण मूळ ५ च्या तुलनेत ती वाढ २० टक्के होते. तसंच 'रोज बाय' (rose by) म्हणजे कितीनं वाढला, 'रोज टू' (rose to) म्हणजे कितीवर पोहोचला. मुलाखतीत ही गल्लत फार महागात पडते.

बोलण्याच्या सरावासाठी बैठकीनंतरची पत्रकार परिषद लेखी प्रत समोर ठेवून ऐका, विशेषतः प्रश्नोत्तरं.